वाकड्या घड्या

(सरकारी दवाखान्याचं धुलाईघर. पाळी संपून मशीनं बंद झाली आहेत. घडीच्या टेबलाजवळच्या बाकावर दोघं बसली आहेत: डोळे गेलेला, पूर्वी बस चालवणारा घडीवाला, आणि त्याला काम शिकवायला अपंगांच्या रोजगार-योजनेने सोबत दिलेल्या बाई. तीन दिवसांच्या आजारपणानंतर त्या आत्ताच आल्या आहेत.)

ड्रायव्हर : ते तापाचं राहू द्या बाजूला. नीट टेकून बसा आधी. खोटं बोलताना पाठीला आधार लागतो.

बाई : मी कुठे खोटं बोलले?

ड्रायव्हर : अजून नाही बोललात. पण दोनदा घसा खाकरलात, म्हणजे तयारी चालू आहे.

बाई : ताप खरंच होता, दादा. तीन दिवस माझ्यानं उठवत नव्हतं. अजूनही तोंडाला चव नाही.

ड्रायव्हर : तापावर माझा विश्वास आहे. मला त्या तीन दिवसांचंच विचारायचंय. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी वरच्या वॉर्डातली सिस्टर खाली आली आणि माझ्या टेबलावर चादर आपटून म्हणाली, हे काय आहे? मी हात लावून बघितलं. म्हटलं, चादर आहे.

बाई : असं म्हणालात?

ड्रायव्हर : मग काय म्हणू? हाताला चादरच लागली. ती म्हणाली, एवढा मोठा डाग दिसत नाही का? मी म्हटलं, नाही दिसत. तेव्हा तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं असणार, कारण बिचारीचा आवाजच उतरला. मग चादर तिथेच ठेवून गेली.

बाई : तिला मी भेटून सांगते काय ते.

ड्रायव्हर : काय सांगाल? आज तर अर्धी ट्रॉली परत आली, बाई. इतके महिने मी इथे घड्या घालतोय, एक चादर कधी वरून खाली आली नाही. वॉर्ड तेच, रोगी तेच, मशीन तेच. फक्त तुम्ही नव्हता. मग डाग आले कुठून?

बाई : धुण्याची पावडर बदलली असेल.

ड्रायव्हर : बघा. मी म्हटलं ना.

बाई : ...बरं. पावडर नाही बदलली.

ड्रायव्हर : हं.

बाई : मी काढत होते, डाग राहिलेल्या चादरी. तुम्ही चहाला बाहेर जायचात ना, तेव्हा. तुमची थप्पी उलगडायची, डागाच्या वेगळ्या काढायच्या आणि मागच्या दारानं परत मशीनकडे टाकायच्या.

ड्रायव्हर : रोज?

बाई : रोजच.

ड्रायव्हर : मला वाटायचं, मशीनवरची मावशी ते बघून मगच माझ्याकडे देते.

बाई : मावशी नुसती काढून टोपल्यात भरते. तुमच्या आधी जो घडीवाला होता, तो घडी घालता घालता बघायचा. ते त्याच्याच कामात धरलेलं होतं.

ड्रायव्हर : म्हणजे ते माझ्याही कामात धरलेलं आहे.

बाई : हो.

ड्रायव्हर : आणि मला कुणी सांगितलं नाही. डाग कडक झाला असेल तर बोटाला लागतो, पण औषधाचा पिवळा डाग कपड्यासारखाच मऊ. तो मला जन्मात कळायचा नाही. तुम्हाला हे ठाऊक होतं?

बाई : दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच लक्षात आलं होतं.

ड्रायव्हर : मग तेव्हाच मुकादमाला का नाही बोललात? परवा तुमच्या योजनेचे साहेब यायचेत. आजवर अर्धा पगार सरकार देत होतं, आता सगळा दवाखान्यानं द्यायचा आणि तुमची सोबत बंद व्हायची. साहेब विचारणार, हा माणूस एकट्यानं काम करतो का? तुम्ही काय सांगणार होतात?

बाई : तुम्ही करता, असं.

ड्रायव्हर : आणि तुम्ही गेल्यावर चहाच्या वेळेला कोण येणार होतं? देव?

बाई : बोला, दादा. तुमचं चुकत नाही.

ड्रायव्हर : मला बोलायचं नाही, समजून घ्यायचंय. तुम्ही वाईट नाही, हे मला पहिल्या दिवसापासून कळलंय. वाईट माणूस आंधळ्याला हात धरून ओढतो. तुम्ही मला धरायला कोपर पुढे केलंत.

बाई : तुमच्या बऱ्याच आधी एक मुलगा होता माझ्याकडे. चाकाच्या खुर्चीतला. गोदामात माल नोंदवायचं काम होतं आणि इतका चोख की मालक खूश. फक्त संडासाच्या दाराशी एक पायरी होती. दिवसभर तो पाणी प्यायचा नाही, पायरी चढावी लागू नये म्हणून. मला कळलं तेव्हा मी तावातावानं मालकाकडे गेले. म्हटलं, ही पायरी काढा आणि फळी टाका. नियमात बसतं, खर्चही आमचं ऑफिस देईल.

ड्रायव्हर : मग?

बाई : मालक म्हणाला, बघतो. दुसऱ्या आठवड्यात मुलगाच परत पाठवला. पायरी अजून तिथेच आहे.

ड्रायव्हर : आणि मुलगा?

बाई : घरी. त्याची आई मला म्हणाली, तुम्ही गप्प बसला असतात तर तो टिकला असता. तेव्हापासून मी मागणंच सोडलं. जे कमी पडेल ते आपण भरायचं आणि झाकून न्यायचं. पाच-सहा जणांना असंच चिकटवलं मी. सगळे टिकले असं नाही. पण कागदावर टिकले.

ड्रायव्हर : दुधानं तोंड पोळलं म्हणून तुम्ही ताक फुंकायला लागलात. पण फुंकरीत आम्हीच उडालो ना.

बाई : दमले होते हो मी. चौदा वर्षं लोकांच्या दारात उभी राहते. आमचा माणूस घ्या, तो चांगला आहे, तो चोरी करत नाही, तो रडत नाही. जसं काही मी भांडी विकतेय.

ड्रायव्हर : पाणी प्या. बाटली तुमच्या डाव्या हाताला आहे.

बाई : तुम्हाला कसं कळलं?

ड्रायव्हर : ठेवताना ऐकली. आता एक सांगा. डागाची चादर काढलीत की बाकीच्यांची घडी परत कोण घालायचं?

बाई : मीच. थप्पी उलगडलेली असायची ना.

ड्रायव्हर : तुम्ही.

बाई : तुमच्यासारखी जमत नाही. घाईघाईत घालायची.

ड्रायव्हर : म्हणजे त्या वाकड्या घड्या माझ्या नव्हत्या.

बाई : कुठल्या?

ड्रायव्हर : संध्याकाळी मी थप्प्या ट्रॉलीवर चढवतो, तेव्हा कडेवरून हात फिरवतो. सवयच आहे, गाडी लावली की चाकं बघायची तशी. रोज पाच-सात घड्या वाकड्या लागायच्या. कोपरे पुढे आलेले, कड ढिली. घालताना तर बरोबर घातलेली असायची. मला वाटायचं, डोळे गेले ते गेले, आता हातही चालले.

बाई : दादा...

ड्रायव्हर : थांबा, मला बोलू द्या. जेवणं झाली की मी घरातली पलंगाची चादर काढून सराव करत बसायचो. बायको चिडायची. म्हणायची, आम्ही निजायचं कशावर? पोरगी मोजायला बसायची, बाबा, ही सरळ, ही पण सरळ. घरी सगळ्या सरळ आणि इथे आलो की वाकड्या. मागच्या महिन्यात मी बायकोला सांगून टाकलं की माझ्यानं हे होत नाही, सोडून देतो.

बाई : मला एका शब्दानं विचारायचंत.

ड्रायव्हर : काय विचारू? तुम्ही रोज पाठीवर हात ठेवून म्हणायचात, छान चाललंय. मला वाटायचं, दया येतेय हिला. म्हणून खोटं बोलतेय.

बाई : ते एकच खरं बोलत होते मी.

ड्रायव्हर : डोळे गेल्यावर दोन वर्षं मी घरात कपाटासारखा होतो, बाई. येता-जाता सगळ्यांना धक्का लागायचा आणि कुणी काही बोलायचं नाही. या टेबलाशी उभा राहिलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण माणसात आलो. आणि तेच टेबल माझ्या हाताखालून सरकत होतं. तुम्ही सरकवत होतात. मला राग आलाय. तुमच्यावर ओरडावंसं वाटतंय, पण पाळी करून दमलोय.

बाई : उद्या ओरडा.

ड्रायव्हर : उद्याचं उद्या बघू. कोण आलं? मुकादम का? चपलेचा आवाज त्यांचाच.

मुकादम : अजून बसलात होय? मला कुलूप लावायचंय. आणि बाई, बरं झालं आलात. तीन दिवसांत माझं डोकं खाल्लं वरच्यांनी.

ड्रायव्हर : डागाचंच बोलत होतो, मुकादम.

मुकादम : त्यात बोलायचं काय? उद्यापासून बाई आहेत. त्या काढतील, रोज काढतात तशा.

बाई : तुम्हाला माहीत होतं?

मुकादम : माझ्या धुलाईघरात कोण कुठल्या दारानं काय टाकतं, हे मला माहीत नसेल तर मी मुकादम कसला? मी म्हटलं, चला, आंधळा माणूस घेतला आणि सरकारनं वर दोन डोळे फुकट दिले. सौदा वाईट नाही.

ड्रायव्हर : ते डोळे परवा परत जाणार आहेत.

मुकादम : कुठे?

बाई : माझी सोबत फक्त शिकवण्यापुरती असते. परवा संपते. पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी.

मुकादम : सांगितलं असेल. सरकारी माणूस एकदा आला की कायमचा, असं मी धरून चाललो. मग कसं जमायचं? माझ्याकडे एका कामाला एक माणूस. चादरी बघत बसायला मी दुसरा कुठून आणू?

ड्रायव्हर : बाई, आता तुम्ही बोला.

बाई : मी काय बोलू?

ड्रायव्हर : मागा. माझ्यासाठी मागायचाच पगार मिळतो तुम्हाला. झाकायचा नाही.

मुकादम : काय मागायचंय? लवकर मागा, मला घरी जायचंय.

बाई : मुकादम... मशीनमधून चादरी मावशी काढतात. काढताना प्रत्येक चादर त्यांच्या डोळ्यांपुढून जातेच. डागाची दिसली की त्यांनी टोपल्यात न टाकता तिथेच बाजूला ठेवायची. दादांकडे फक्त स्वच्छ यायच्या.

मुकादम : मावशी आधीच कंबरेच्या नावानं रडतेय. तिच्यावर आणखी एक काम टाकू?

बाई : जड टोपली उचलून त्यांची कंबर गेलीय. ती उचलायचं काम दादांना द्या. त्यांच्या अंगात ताकद आहे, आणि मशीनपासून टेबलापर्यंतचा रस्ता त्यांना पाठ आहे. दोघांनी कामाची अदलाबदल करायची. माणूस वाढवायला नको, पैसा नको.

मुकादम : एवढंच?

बाई : एवढंच.

मुकादम : मग हे आधीच का नाही बोललात? एवढे दिवस मागच्या दारानं चोरासारख्या चादरी कशाला टाकायच्या?

बाई : तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं.

मुकादम : म्हटलंही असतं. मी काही साधुसंत नाही. आताही हो म्हणत नाही, आधीच सांगतो. उद्या मावशीला विचारेन. तिनं मान हलवली तर उद्याचा एक दिवस करून बघू. वरून चादर आली नाही, तर परवा तुमच्या साहेबांना सांगेन की ठेवतो याला. आली, तर माझा इलाज नाही. ड्रायव्हर, कळलं?

ड्रायव्हर : कळलं.

मुकादम : आणि बाई, उद्या तुम्ही यायचं नाही. तुम्ही असलात की तुमचे हात शिवशिवतील आणि मला खरं काय ते कळायचं नाही. मी दारं बघून येतो, तोवर आवरा.

बाई : ...गेले.

ड्रायव्हर : हो. जाताना पाय आपटले नाहीत. हे चांगलं आहे.

बाई : दादा, नाही झालं तर?

ड्रायव्हर : नाही झालं तर मी परत कपाट. तुम्हाला सांगतो, छाती धडधडतेय माझी. पहिल्यांदा घाटात गाडी घातली होती, तेव्हा अशी धडधडली होती. पण तेव्हा गाडी मी चालवत होतो, आणि आजही मीच चालवतोय.

बाई : मावशीला मी आजच घरी जाऊन भेटते. तिला समजावून ठेवते.

ड्रायव्हर : नका भेटू. मी सकाळी विचारतो तिला. वाटणी माझ्या कामाची आहे, मीच बोलतो. तुम्ही उद्या घरी झोपा. ताप पुरता उतरू द्या.

बाई : मी साहेबांना काय सांगू परवा? मागचं सगळं?

ड्रायव्हर : जे झालं ते सांगा. तुम्हाला बोलणी बसतील.

बाई : बसू देत. त्या खुर्चीतल्या मुलानंतर पहिल्यांदा कुणासाठी नीट मागितलं. मला वाटलं होतं, मला येईनासंच झालं.

ड्रायव्हर : मध्ये अडखळलात. पण आलं. चला, माझी काठी द्या. आणि ट्रॉलीवर झाकलेली चादर नीट ओढून घ्या, आवाज येतोय सरकल्याचा.

बाई : ही वरची थप्पी आजचीच ना, तुमची? मी हात लावलेला नाही हं. पण यात एक वाकडी झालीय. सरळ करू?

ड्रायव्हर : कुठे? न्या तिकडे माझा हात. ...हं. ही माझीच आहे. राहू द्या.