गुडघे तुझे, साखर माझी

(बेकरीचा मागचा भाग. भट्टीतून बिस्किटांचा ट्रे नुकताच बाहेर आलाय. दोघे भाऊ, आणि थोरल्याची मुलगी, जी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते.)

धाकटा : बोट मिळणार नाही. साखरेचं खातं तुझ्या बाबाकडे आहे.

मुलगी : काका, एक थेंब रक्त मागतेय, बेकरी नाही.

धाकटा : तत्त्वाचा प्रश्न आहे. तुझ्या आजोबांना दोन्ही होतं. ते गेल्यावर रीतसर वाटणी झाली. दादाला साखर आली, मला गुडघे.

थोरला : मोठा म्हणून आधी मला विचारलं होतं.

मुलगी : कोणी?

थोरला : शरीरानं.

धाकटा : आणि त्या वाटणीवर हा धंदा उभा आहे. याला गोड चालत नाही, म्हणून हा उभा राहून पीठ मळतो, ट्रे उचलतो. मला उभं राहवत नाही, म्हणून मी बसून चव बघतो.

थोरला : दिवसभर बघतो.

धाकटा : जबाबदारीनं बघतो. काल एक अख्खा केक बघावा लागला.

मुलगी : काकू म्हणाली, रात्री सारखा पाणी प्यायला उठतोस.

धाकटा : तेवढाच गुडघ्यांना व्यायाम.

मुलगी : ऐक जरा. संशोधकांनी ढिगानं लोकांची जनुकं तपासली. रक्तातली साखर आणि सांध्यांची काही दुखणी, यांची मुळं कुठं कुठं एकमेकांत गुंतलेली असावीत असं दिसतंय. कोणामुळे कोण, ते अजून नक्की नाही. पण आपल्या घरात दोन्ही आहेत, तर दोघांनीही दोन्ही तपासून घ्या.

थोरला : म्हणजे वाटणी?

मुलगी : झालीच नाही. सगळं अजून सामाईक आहे.

धाकटा : आणि मी इतकी वर्षं एकट्याच्या नावावर समजून चालतोय.

थोरला : चालतोय कुठं. टोचून घे मुकाट्यानं.

धाकटा : आणि निघाली तर? चव कोण बघणार? तू बघू शकत नाहीस. मी उभा राहू शकत नाही, उचलू शकत नाही. दादा, या बेकरीत माझं तोंड तेवढं कामाचं आहे.

थोरला : ते तू बोलायलाही वापरतोस. त्याचे पैसे कधी कापलेत का?

मुलगी : काका, बोट.

धाकटा : डावं घे. उजव्यानं चाखायचं असतं.

मुलगी : झालं.

धाकटा : एवढंच? दुखलंच नाही.

थोरला : दुखलं नाही तर तोंड कशाला वाकडं केलंस?

धाकटा : तयारी केली होती. वाया कशाला घालवू?

मुलगी : दोनशे ऐंशी.

धाकटा : चांगलंय?

थोरला : पुड्याचं वजन असतं तर चांगलं होतं.

मुलगी : उद्या उपाशीपोटी लॅबमध्ये ये, नीट तपासू. आणि घाबरू नकोस. बाबा सांभाळतोच आहे की.

धाकटा : म्हणजे मी आता घरी बसायचं.

थोरला : कोण म्हणालं? चव ही पोरगी बघेल, संध्याकाळी येऊन. तू नुसता वास घे. ट्रे भट्टीत असतानाच तुला कळतं काय कमी पडलंय ते. पुढचं खाणं तू उगाच करतोस.

धाकटा : हे तुला माहीत होतं?

थोरला : सगळ्यांना माहीत होतं. पाववाल्या गाडीच्या ड्रायव्हरलासुद्धा.

धाकटा : मग बोलला का नाहीस?

थोरला : तू खुशीत दिसायचास.

मुलगी : बाबा, आता तू. खाली बस, उकिडवा.

थोरला : मला काय झालंय?

मुलगी : सामाईक म्हटलं ना. बस.

थोरला : बसलो.

मुलगी : आता ऊठ.

थोरला : उठतो सावकाश. ट्रे निवू दे.

धाकटा : दादा, कधीपासून?

थोरला : झाले थोडे महिने. तुझं खातं होतं. म्हटलं, आपण कशाला हात घाला.

धाकटा : अरे, मग विचारायचं तरी. एकदम उठायचं नसतं. आधी कशाला तरी धरायचं, मग भार टाकायचा.

थोरला : इथं काय आहे धरायला?

धाकटा : मी आहे की. धर.