नवाबाचा शेजारी

रजनी: सर, तुम्हीच सांगा आजीला. तुमचं ऐकते ती. माझं तर ऐकूनच घेत नाही.

विनायक सर: आधी बसू तर दे. शाळेच्या ड्रेसमध्येच धावत बोलवायला आलीस, मला वाटलं माशांची टाकी फुटली.

रजनी: फुटली असती तर परवडलं असतं! रविवारी पप्पा मुंबईला चाललेत. आजी म्हणते, नवाबाला पिशवीत घालून न्या आणि दुकानवाल्याला परत देऊन या.

सरुबाई: हाव, मीच म्हणते. या गुरुजी, बसा. बदल्यात एखादा गरीब मासा आणा म्हटलं सुरेशले. एवढी सहा फुटाची टाकी, अर्धी बैठक खाऊन बसली, ते मी काही बोलले नाही. पण घरात खुनी नको मले. वरून असा पिसारा फुलवून हिंडतो जसा काही नवरदेव, आणि मनात काय, तर शेजारचं लेकरू गिळायचं!

विनायक सर: कोणाला गिळलं?

रजनी: हळदूला. तो छोटा पिवळा होता ना सर, माझा. श्रावणात. मी आईसोबत मामाकडे होते आणि पप्पा केळीच्या गाड्यांबरोबर दिल्लीला. आठ दिवस घरात फक्त आजी. आणि आजीनं काय केलं माहितीये? फ्रीजमधला कोळंबीचा डबा उचलला आणि मांजरींना देऊन टाकला.

सरुबाई: मग श्रावणात ठेवू तो डबा? बाकी अकरा महिने मी त्याच्याकडे पाठ करून भाजी काढते, गुरुजी. आमच्या सात पिढ्यांत घरात अंडं आलं नाही. एक महिना तरी फ्रीज माझा राहू द्या की.

रजनी: आणि नवाबाला काय टाकलं, ते पण सांग.

सरुबाई: भिजवलेली चण्याची डाळ. चांगली रात्रभर भिजवलेली.

रजनी: आणि सोमवारी?

सरुबाई: सोमवारी राजगिऱ्याचा लाडू कुस्करून.

विनायक सर: उपासाचा फराळ?

सरुबाई: घरात सगळ्यांचा सोमवार. त्याच्यासाठी वेगळं कुठून करू?

रजनी: हसू नका ना सर! त्यानं शिवलंसुद्धा नाही. सगळं खाली जाऊन सडलं, पाणी एकदम ताकासारखं. आणि पाचव्या दिवशी हळदू गायब. आजीमुळे. मी बोलणारच, आजीमुळेच गेला तो.

सरुबाई: बोल. महिना झाला, हेच बोलते ही. ताटाशी मी वाढायला उभी असते, तरी चटणी मागायला आईला हाक मारते. मी जशी दिसतच नाही.

विनायक सर: हं. रजनी, तू नवाबाला कोळंबी देतेस तेव्हा तो तोंड उघडतो. केवढं उघडतो?

रजनी: एवढं.

विनायक सर: एवढं म्हणजे केवढं? वर्गात मी 'एवढं' चालवून घेत होतो का?

रजनी: म्हणजे... या माझ्या बांगडीएवढं.

विनायक सर: मग काढ ती हातातून. आता ही बांगडी म्हणजे नवाबाचं तोंड. जुना पेपर आण आणि कात्री. हळदू जेवढा होता तेवढाच काप. मोठा नाही, लहान नाही. आठवून.

(रजनी जमिनीवर मांडी घालून कागदाचा मासा कापते. टाकीत नवाब पंख पसरून काचेजवळ स्थिर.)

रजनी: झाला. एवढाच होता. माझ्या अंगठ्याएवढा.

विनायक सर: बांगडीतून घाल.

रजनी: गेला.

विनायक सर: कुठे अडकला?

रजनी: नाही. सरळ गेला.

विनायक सर: नवाबाचं पोट भरलेलं असलं की ही बांगडी लहान होते का?

रजनी: ...नाही. पर सर, दोन महिने दोघं सोबत होते. तेव्हा त्यानं काहीच केलं नाही!

विनायक सर: तेव्हा नवाब केवढा होता?

रजनी: माझ्या तळहाताएवढा. आता पप्पांच्या तळहाताएवढा आहे. मतलब... तोंड पण वाढलं.

विनायक सर: आणि हळदू?

रजनी: हळदूची जातच छोटी. तो तेवढाच राहिला.

विनायक सर: मग आजीनं रोज दोन वेळा कोळंबी दिली असती तर काय झालं असतं?

रजनी: थोडे दिवस जास्त जगला असता. मग एक दिवस... गेलाच असता.

सरुबाई: थांबा गुरुजी. म्हणजे मी डाळ टाकली म्हणून नाही?

विनायक सर: डाळीनं पाणी बिघडलं, ते खरं. पुन्हा टाकू नका. पण नवाब पडला लायनफिश, शिकारी मासा; तोंडात जो मावतो तो त्याचा घास. त्याला कोणी खून शिकवत नाही आणि कोणी उपास शिकवू शकत नाही. चूक झाली ती दोघांना एका टाकीत ठेवण्यात.

रजनी: हळदूसाठी मी हट्ट केला होता. पप्पा नको म्हणत होते.

विनायक सर: आणि तू मला विचारलं होतंस, पिवळा छोटा आणू का म्हणून. मी काय म्हणालो होतो?

रजनी: 'छान दिसेल.'

विनायक सर: पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि उत्तर दिलं, छान दिसेल. माप विचारायला हवं होतं मी. नाही विचारलं.

सरुबाई: मी तर महिनाभर या टाकीकडे बघतसुद्धा नाही. ये-जा करताना पदर आडवा धरते. वाटायचं, माझ्या हातानं एक जीव गेला, तोही श्रावणात.

रजनी: आजी... तू मला कधी सांगितलं नाहीस.

सरुबाई: तू ऐकायला थांबत होतीस का?

रजनी: नव्हते. चुकलं माझं. एकदम चुकलं.

सरुबाई: बरं, बरं, गळ्यात नको पडू, माझा चष्मा पडेल. पण गुरुजी, हे सगळं मान्य केलं तरी हा गिळणाराच ना? आज दुसरा आणला, त्यालेही गिळेल. माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा ते नको. मले असा एक मासा दाखवा, जो याच्यासंगं सुखानं नांदेल. दाखवला, तर ठेवा तुमचा नवाब. नाही तर रविवारी तो मुंबईला.

रजनी: दाखवते! मी सायबर कॅफेतून फोटो काढून आणलेत. हा बघा सर, ट्रिगर. काय डिझाईन आहे! पप्पांना पण हाच पसंत आहे. केवढा मोठा, बांगडीत जाणारच नाही.

विनायक सर: तोंड बघ त्याचं. दात दिसतात?

रजनी: हो, पुढे आलेत थोडे.

विनायक सर: त्या दातांनी तो शिंपले फोडतो. आता नवाबाकडे बघ. त्याच्या अंगावर सगळ्यात जास्त काय आहे?

रजनी: पंख. झालरीसारखे.

विनायक सर: आणि चालतो कसा?

सरुबाई: लग्नातल्या वरमाईसारखा. सावकाश, सगळ्यांनी बघावं म्हणून.

विनायक सर: बरोबर. सावकाश चालणारा, झालरी लोंबणारा, आणि शेजारी दातवाला, चपळ, दिवसभर काही ना काही कुरतडायची खोड असलेला. काय होईल?

रजनी: नवाबाच्या झालरी खाऊन टाकेल. मतलब या वेळी मरणारा नवाब असेल.

सरुबाई: हे बरं आहे! मोठा आणला तर तो याले खातो, लहान आणला तर हा त्याले खातो.

रजनी: मग हा फुग्यासारखा? पफर. याचा चेहरा किती क्यूट आहे!

विनायक सर: चेहरा राहू दे. दात?

रजनी: आहेत. सशासारखे. ट्रिगरचाच भाऊ निघाला हा. कट. मग ही वाम, ठिपक्यांची. सर, वाम तर झालरी खात नाही ना?

विनायक सर: ही जात बहुधा नाही खात. नवाबासोबत राहू शकते, तुझी निवड वाईट नाही. फक्त तिला एक सवय असते. झाकणाला बोटभर फट मिळाली की बाहेर.

सरुबाई: बाहेर म्हणजे कुठं?

विनायक सर: म्हणजे इथे, फरशीवर.

सरुबाई: सापासारखी? माझ्या बैठकीत? रजनी, तो कागद फाड आधी.

रजनी: आजी, नुसता फोटो आहे!

सरुबाई: फोटोसुद्धा नको.

रजनी: मग एकच उरला. हा मी असाच उचलला होता, कागदाच्या मागच्या बाजूला छापला म्हणून. पिवळा आहे, तोंड कोल्ह्यासारखं. फॉक्सफेस लिहिलंय.

विनायक सर: याला आता तूच तपास. मी बोलणार नाही.

रजनी: ठीक आहे. दात... तोंड तर एकदम छोटं आहे, चिमटीएवढं. झालरी तोडणारं वाटत नाही. माप लिहिलंय, सहा-सात इंच होतो. कापते पेपरवर. हा घे, सहा इंच. बांगडीत... डोकं जातं, पोट अडकतं. हं, अडकलं! पर सर, पोट थोडं आवळून गिळला तर?

विनायक सर: चांगली शंका. त्याच्या पाठीवर बघ, काटे दिसतात?

रजनी: हो, उभे. नवाबासारखेच!

विनायक सर: आणि नवाबासारखेच विषारी. नवाबाला उगाच कोणी छेडत नाही, तसं यालाही गिळायच्या भानगडीत कोणी सहसा पडत नाही. पण दुकानातून आणायचा तो सहा इंचांचाच. दोन इंचांचं पिल्लू स्वस्तात देतो म्हणाला तर घ्यायचं नाही. का?

रजनी: कारण पिल्लू बांगडीतून जातं.

विनायक सर: शिवाय टाकीत हात घालताना आता दोघांचे काटे सांभाळायचे. आणि याला सोडायचं ते आधी पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवून, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घालून. दोन्ही पाण्यांत मीठ तेवढंच, ऊब तेवढीच झाली की मगच आत. इंडोनेशियाहून विमानानं मुंबईला येतो बिचारा आणि मुंबईहून रेल्वेनं बुऱ्हाणपूरला. त्याला जरा दम खाऊ द्यायचा.

सरुबाई: एवढ्या लांबून येणार, तर खातो काय तो? याच्यासाठी अजून एक डबा?

रजनी: खाणं तर मी वाचलंच नाही. थांबा... 'शेवाळ, समुद्रातलं गवत, पालक.' सर! पालक?

विनायक सर: पालक. जरा उकळत्या पाण्यातून काढायचा आणि काचेला चिमट्यानं लावायचा. पानं कुरतडत बसतो दिवसभर.

सरुबाई: खरं सांगता? मासा असून पालक खातो?

विनायक सर: मुख्य खाणं तेच. खोटं कशाला सांगू, नवाबासाठी टाकलेली कोळंबी समोरून चालली तर एखादा तुकडा तोही उचलेल.

सरुबाई: ते मी विचारत नाही. सुरेश दिल्लीला जाऊन ऑम्लेट खातो, ते कुठं विचारते? घरात पालक खातो ना, झालं. मेथी चालेल का त्याले?

विनायक सर: आधी पालक देऊन बघा. डाळ मात्र नको.

सरुबाई: डाळीचं नाव काढू नका आता. आणि सोमवारी?

विनायक सर: सोमवारीसुद्धा पालकच.

रजनी: मग मी पप्पांना लिहून देते. एक फॉक्सफेस. सहा इंच, कमी नाही. दात बघून, काटे बघून. आजी, मग नवाब...?

सरुबाई: नवाबाचं काय? सुरेशले सांग, पिशवी रिकामी ने. इतक्या लांबून नवीन पाहुणा घरात येणार आणि घरचाच घरात नाही, असं कुठं असतं का?