गाईडचा रुमाल

त्या दिवशी आमच्या लिंबायतच्या वस्तीत असं ऊन होतं की पत्र्याच्या घरात बसवेना. शेजारचा भिकन पत्र्यावर ओली गोणपाटं टाकायला चढला, घसरून पडला आणि हात मोडून बसला. आम्ही बाप्ये नुसते ओरडत होतो. माझी नात सुनंदा शाळेत गाईडमध्ये होती. तिनं दप्तरातली फूटपट्टी हाताला लावली, गळ्यातल्या रुमालानं हात बांधला आणि रिक्षा थांबवली. डॉक्टर म्हणाले, "कोणी बांधलं? झकास!"

संध्याकाळी तिच्या शिबिराच्या कागदावर मी अंगठा उठवत होतो, तेवढ्यात भिकन आला. प्लास्टरचा हात त्याच रुमालात अडकवलेला. मी जन्मात कोणावर आवाज चढवला नाही, पण त्याचं बोलणं आठवलं की अजून अंगाची लाही होते. म्हणाला, "बाबा, नका पाठवू तिला. पोरीच्या जातीला हे शिकून काय उपयोग?"