श्यामलदांचं पॅकेज

कोडमधली एक ओळ काढायला मी वर्षभर कचरलो, सांगून पटणार नाही. टेक्स्ट एडिटरसाठी मी केलेलं प्लगिन कोलकात्यातल्या बालीगंजच्या श्यामलदांच्या पॅकेजवर, म्हणजे त्यांनी लिहून सगळ्यांना वापरायला दिलेल्या तयार कोडवर चालायचं; ती ओळ ते पॅकेज जोडणारी. त्यातलं मला लागणारं तेवढं मी स्वतः लिहून काढलं, पण सत्तरीच्या माणसाला ते सांगायचं कसं? शेवटी मिठाई घेऊन घरीच गेलो. म्हटलं, "दादा, आता तुमच्या पॅकेजची गरज उरली नाही."

"बरं केलंस," म्हणाले आणि भिंत चाचपत आत गेले.

त्यांची मुलगी हळूच म्हणाली, "बाबांना आता दिसत नाही. दुरुस्तीसाठी सगळा कोड मी वाचून दाखवते. कितीदा म्हटलं, बंद करा हे. तर म्हणायचे, तो एक मराठी मुलगा अजून वापरतोय, त्याचं अडेल."