तळघरात न नेलेली मेणबत्ती

जबाब देणारे बाजारात चष्मेवाले म्हणून ओळखले जातात. वय ५३ वर्षे. धंदा चष्मे तयार करण्याचा. राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी व सासरे यांच्यासह राहतो. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणतात. ते सध्या इस्पितळात बेशुद्ध आहेत. पत्नी त्यांच्याजवळ आहे. माझा फोन टेबलावर चालू ठेवू द्यावा, ही विनंती ठाणे अंमलदारांनी मान्य केली आहे.

मला वाइनचा नाद आहे. कृपया नाद हाच शब्द लिहावा, व्यसन लिहू नये. एका गिऱ्हाइकाने बाटली भेट दिली, तिथून सुरुवात झाली. पुढे पुस्तके आली, मग द्राक्षे आली आणि मी दुकानाखालच्या तळघरात पिंपात रस आंबवू लागलो. विकत नाही. रविवारी दुपारी शेजारचे औषधवाले आणि शाळेतल्या बाई येतात. ग्लासात बोटभर ओततो, वास घेतो आणि कशाचा वास यावर वाद घालतो. पिणे कमी आणि भांडण जास्त, असा प्रकार आहे.

सासूबाई गेल्यावर अप्पा आमच्याकडे राहायला आले. ते कोणाशी बोलत नसत. ताट वाढले की जेवत, उचलले की उठत. एका रविवारी भिडेखातर मी त्यांना टेबलाशी बसवले. घरच्या पांढऱ्या वाइनमध्ये आम्ही तिघे मध, लिंबाची साल असे काहीबाही शोधत होतो. अप्पांनी ग्लास नाकाशी धरला आणि म्हणाले, "ओली पाटी. शाळेतली, नुकती पुसलेली." आम्ही पुन्हा वास घेतला. पाटीच होती. आतून पत्नी म्हणाली, "आता पाट्या धुऊन प्यायला लागलात का?" अप्पा हसले. आमच्या घरी आल्यापासून ते तेव्हा प्रथम हसले. ती वाइन आमच्यात 'ओल्या पाटीची' म्हणूनच राहिली.

त्यानंतर अप्पा माझ्यापेक्षा कडक झाले. टेबलाजवळ अत्तर, केसांचे तेल, कांद्याचे हात काही चालत नसे. औषधवाल्यांना त्यांनी एकदा दारातूनच हात धुवायला परत पाठवले. मला म्हणत, "जावईबापू, आधी नाक शिंकरून या." मला त्याचा राग येत नसे, उलट बरे वाटे.

तळघराचा नियम वेगळा आहे. रस आंबताना त्यातून वायू निघतो. तो दिसत नाही, जड असतो, खाली साचतो आणि माणूस गुदमरतो. म्हणून पेटती मेणबत्ती हातात खाली धरून उतरायचे. ज्योत मंदावली तर मागे फिरायचे आणि रस्त्याकडची झडप उघडायची. मेणबत्ती व काड्यापेटी जिन्याच्या तोंडाशी ठेवलेली असते. हे अप्पांना मी स्वतः शिकवले होते.

मागच्या रविवारी वीज गेली तेव्हा बाईंनी मेणबत्ती लावून टेबलावर आणली. मी म्हणालो, "विझवा ती. मेणाच्या वासात नाकाला काही कळायचं नाही." अप्पांनी मान डोलावली. हे मला कोणी विचारलेले नाही, मी आपणहून सांगत आहे.

आज रविवार. दुपारी अप्पा नव्या पिंपातला नमुना आणायला गेले. मी वर ग्लास पुसत होतो. थंडीमुळे रसाला ऊब राहावी म्हणून झडप मी बंद ठेवली होती. जिन्याशी बाईंनी त्यांना बॅटरी घेऊन उतरताना पाहिले. "मेणाचा वास नमुन्याला लागेल," असे ते बाईंना म्हणाले. बाईंना तळघराचा नियम माहीत नव्हता. अप्पांनी टेबलाचा नियम तळघरात नेला.

ते लवकर आले नाहीत. बाईंनी "अप्पा कुठे राहिले?" असे विचारले, तेव्हा मी थट्टेने म्हणालो, "त्यांचं नाक त्यांना पिंपापासून हलू देत नसेल." मग मीच उठलो. जिन्याच्या तोंडाशी मेणबत्ती होती, न पेटवलेली. खाली बॅटरीचा उजेड फरशीवर आडवा पडला होता आणि हलत नव्हता. मी औषधवाल्यांना झडप उघडायला बाहेर पळवले आणि श्वास रोखून उतरलो. अप्पा पिंपाशी कुशीवर पडले होते. त्यांना ओढून वर आणले. ग्लास त्यांच्या मुठीत तसाच होता, तो मला सोडवता आला नाही, इस्पितळात सोडवला.

रुग्णवाहिकेत चढताना पत्नी म्हणाली, "त्यांना कशाला ओढलंत यात?" अप्पा रविवारची वाट बघायला लागले होते, एवढेच मला माहीत आहे. माझा कोणावरही संशय नाही.

जबाब वाचून दाखवत असताना पत्नीचा फोन आला. अंमलदारांच्या परवानगीने घेतला. ती म्हणाली, "डोळे उघडलेत. पण मला ओळखत नाहीत, नर्स समजताहेत. काही विचारलं तर नुसते बघतात." मग म्हणाली, "ती ओल्या पाटीची बाटली घेऊन या. डॉक्टरांना विचारलंय मी. प्यायला नको, नुसती नाकाशी धरायची. लवकर या." त्या बाटलीला पत्नीने आजवर हात लावलेला नाही.

तळघराला पोलिसांनी सील लावले आहे. बाटली आत डावीकडच्या फळीवर, खालच्या रांगेत आहे. सील काढावे आणि सोबत कोणीतरी द्यावे, अशी विनंती आहे. झडप आता उघडी आहे. तरी जो उतरेल त्याने मेणबत्ती पेटवून न्यावी.

फोन येईपर्यंतचा मजकूर मला ऐकवला. उरलेला ऐकायला मी थांबलो नाही, पण तो माझाच आहे आणि खरा आहे. सही वाकडी आली आहे, ती उभ्याने केली आहे.