उंबरठ्यापासून भरतीच्या रेघेपर्यंत

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, बंदर मंडळाच्या अध्यक्षबाई; व्यासपीठावरचे नवे मुख्य अभियंता; आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, ज्यांना आमच्या आळीत वाळूसाहेब याखेरीज दुसरं नाव नाही, ते साहेब आणि शेजारी बसलेल्या वहिनी; गाळ उपसणाऱ्या जहाजाचे कप्तान; कार्यालयातली सगळी मंडळी; आणि मागच्या दोन रांगांतले माझे अकरा घरांचे शेजारी, ज्यांनी "काकू, पाचच मिनिटं हं" असं बजावून मला पुढे ढकललं, अशा सर्वांना माझा नमस्कार.

मी मॅट्रिक. भाषण हा माझा प्रांत नव्हे. हिशेब तेवढा येतो, म्हणून हिशेबानेच सुरुवात करते. अकरा घरांकडून साहेबांसाठी आलेल्या वस्तू: भिंतीवरचं घड्याळ एक, सहाशे. छत्री एक, दोनशे ऐंशी; कारण साहेब जुनी छत्री आमच्या ओसरीवर तीनदा विसरले आणि चौथ्या खेपेला ती समुद्राने नेली. फुलं अंगणातली, खर्च शून्य. आणि यायला हवी होती पण न आलेली वस्तू एक: यंदाचं पत्र. बंदराच्या तोंडातून उपसलेली वाळू यंदा आमच्या किनाऱ्यावर टाकणार की खोल समुद्रात, हे सांगणारं. दरवर्षी ते साहेब पाठवायचे. जहाज पुढच्या महिन्यात येतंय, आणि साहेब तर चालले. वाळू आली नाही, तर दोन-तीन पावसाळ्यांत आमच्या उंबरठ्यावर लाट येईल. असो. कौतुकाच्या दिवशी रडगाणं नको.

साहेबांची आणि माझी ओळख कशी झाली म्हणता? भांडणातून! दुसरी कशी होणार?

एकतीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी पहिलं काम सांगितलं ते स्वयंपाकाचं नव्हे. म्हणाल्या, "दर पौर्णिमेला पूजा झाली की समुद्राला नमस्कार करून यायचं, आणि किती पावलं चाललीस ते मला सांगायचं." मी विचारलं, कशाला? तर म्हणाल्या, "शेजारी किती जवळ आलाय ते ठाऊक असावं गं." पहिल्या पौर्णिमेला उंबरठ्यापासून भरतीच्या ओल्या रेघेपर्यंत एकशे बारा पावलं भरली. मी वहीत दुधाच्या खाली लिहून टाकली. तेव्हापासून एक पौर्णिमा चुकली नाही. बाळंतपणात चुकली असती, पण तेव्हा आमच्या ह्यांना पाठवलं. त्यांचे पाय लांब, म्हणून तो आकडा मी कंसात टाकला. हे तिकडे हसतायत बघा!

पुढे बंदराची लाटा अडवणारी भिंत वाढवली. बंदराचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण भिंतीने वाहती वाळू अडवली. ती बंदराच्या तोंडात साचायला लागली आणि आमच्या दारातली जायला लागली. म्हणजे कसं, माझ्या डब्यातली साखर शेजारणीच्या डब्यात सांडायची, आणि शेजारीण म्हणायची, "बाई, फार झाली," आणि मोरीत ओतायची. कप्तान, तुम्हाला बोलत नाहीये, तुम्ही हुकमाचे ताबेदार. पण ओतत तुम्हीच होतात!

एकशे बाराची एकेचाळीस पावलं झाली, तेव्हा साहेब घरं खाली करायची नोटीस घेऊन दारात उभे राहिले.

मी म्हटलं, "आधी वहाणा बाहेर काढा, मग काय ते बोला."

ते म्हणाले, "काकू, किनारा किती हटला याची नोंद कोणाकडेच नाही. मी तरी काय करू?"

"कोणाकडेच नाही म्हणजे? माझ्याकडे आहे की!" आणि वर्षाला एक अशा चोवीस वह्या आणून त्यांच्यापुढे ठेवल्या. साहेब ओसरीवर बसून वाचत राहिले. चहा दोनदा गार झाला. तिसऱ्यांदा मी केला नाही, दूध काय फुकट येतं? शेवटी म्हणाले, "हे सोनं आहे, काकू."

मी म्हटलं, "पावलं तेवढी वाचा. वाण्याच्या बाकीकडे बघू नका."

नोटीस त्यांनी खिशात घातली ती घातलीच. मंडळापुढे वह्या ठेवल्या, भांडले, आणि एका वर्षाची परवानगी आणली: उपसलेली वाळू नळातून आमच्या किनाऱ्यावर टाकायची. किनारा वाढला तर हे कायमचं, नाही तर अकरा घरं हलवायची. वर्ष संपलं. मी पौर्णिमेला चालले. सहासष्ट पावलं! एकेचाळीसची सहासष्ट! आळीत साखर वाटली. साहेबांनी अहवाल पाठवला आणि मंडळाने कायमची मंजुरी दिली.

आता पुढचं मी इतकी वर्षं चारचौघांत बोलले नाही. आज बोलते.

महिनाभराने आमचे हे म्हणाले, "अगं, तू हल्ली मुंगीसारखी चालतेस." त्या वर्षी माझा गुडघा धरला होता. पावलं आखूड पडत होती, आणि आखूड पावलं जास्त भरतात. वाढला होता तो किनारा थोडा आणि माझा गुडघा फार!

शेजारच्या शिंपीणवहिनी म्हणाल्या, "काकू, तुमच्या गुडघ्याने आमची घरं वाचत असतील तर वाचू द्या की! गप्प बसा." वहिनी, खाली बघू नका, मलाही तसंच वाटत होतं. पण देवापुढे दिवा लावला आणि हात जोडवेनात. वहीत खोटा आकडा ठेवून नमस्कार कुठल्या तोंडाने करायचा?

गेले कार्यालयात. साहेबांना म्हटलं, "आकडा चुकलाय. गुडघा."

आधी ते पोट धरून हसले. मग विचारलं, "तुमच्या घरात अशी काही जागा आहे, जी तुम्ही पूर्वी पावलांनी मोजलीय आणि जी हललेली नाही?"

होती. ओसरी ते नळ. पूर्वी पाइप घ्यायचा होता तेव्हा मोजली होती, सव्वीस पावलं. त्याच संध्याकाळी साहेबांसमोर चालले: चौतीस. त्यांनी तिथेच छत्रीच्या टोकाने अंगणात गणित मांडलं. सहासष्ट नव्हे, पन्नास. किनारा वाढला होता, पण नऊच पावलं.

नवा अहवाल गेला. त्यात माझं नाव नव्हतं, गुडघ्याचंही नव्हतं. एकच ओळ होती: "मोजणीच्या साधनाची तपासणी मी केली नाही, चूक माझी." कायमची मंजुरी गेली, दरवर्षीच्या पत्रावर आली. साहेबांची बढतीही गेली. कार्यालयात कोणी कोणी म्हणायचे, की यांनी आकडे फुगवले होते. मंडळी, फुगला होता तो माझा गुडघा. साहेबांनी फुगवलं नाही काहीच. हे आज या माइकवरून सगळ्यांनी ऐकावं, एवढ्यासाठी मी इथवर आले. नाही तर पाच मिनिटांसाठी रिक्षाला कोण पैसे घालतं?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला पन्नास मीटरचा टेप आणून दिला. म्हणाले, "काकू, याला गुडघा नाही." तेव्हापासून सहा वर्षं टेपनेच मोजते. एक टोक उंबरठ्याला खिळ्यात, दुसरं माझ्या हातात. पहिल्या वर्षी तीस मीटर भरले होते, परवाच्या पौर्णिमेला चौतीस. वाढ चिमूटभर आहे, पण खरी आहे.

वहिनी, साहेबांना आता घरी बसू देऊ नका, ते पडद्यांची लांबी मोजत बसतील. साहेब, जिथे जाल तिथे देव तुमच्या पाठीशी असो. आमच्या घरी तुमची एक वहाणांची जागा आहे, ती कोणाला देणार नाही.

अध्यक्षबाई, नवे साहेब, पाच मिनिटांची बारा झाली, ठाऊक आहे मला. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, तर मॅट्रिकच्या पदरात घाला आणि सोडून द्या. एकच काम राहिलं. हे कार्ड. पत्ता माझा घातलाय, तिकीट लावलंय, मंडळाला खर्च नाही. मागे मी दोन ओळी लिहून ठेवल्यात: "वाळू किनाऱ्यावर" आणि "वाळू समुद्रात". नको ती खोडायची, बस्स. कुठली खोडायची ते वही बघून ठरवा, माझं तोंड बघून नको. पंचविसाव्या वहीपासून सगळ्या या पिशवीत आणल्यात, वाचून परत द्या. चौतीसचे पन्नास होवोत, आणि साहेबांचा टेप एक दिवस अपुरा पडो.

जहाज महिनाभरात येतंय. तेवढं उलट टपाली कळवावे.