चुलीवर ठेवलेली पाकिटं

फाटला गो, असं नवरा म्हणाला आणि बाजूला होऊन भिंतीला टेकून बसला. मला आधी कळेचना काय फाटलं. कळलं तशी मोरीत गेले आणि कळशीभर पाण्यानं घासघासून धुतलं. पुढं दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, तसं आतून धुवायचं नसतं, त्यानं उलटंच होतं. पण त्या वेळी सांगायला कोण होतं?

मी मुरबाडकडची. शाळा चौथीपर्यंत. लग्न करून शहापूर तालुक्यात आले. थोडी भातशेती, तिच्यावर भागेना म्हणून नवरा नाशिक हायवेला ट्रकवर जायचा. खोकला जाईना म्हणून शहापूरला दवाखान्यात दाखवलं तर रक्तात एड्सचं निघालं. कुठून आणलंस ते मी विचारलं नाय, त्यानं सांगितलं नाय. माझं रक्त तेव्हा साफ होतं. सिस्टरनं कंडोमची पाकिटं दिली, दर वेळेला वापरा म्हणाली. तुमी म्हणाल, मग जवळ जायचंच कशाला? अवो, नवरा-बायको होतो आमी, माझं वय काय होतं!

ती पाकिटं नवऱ्यानं चुलीवरच्या माळ्याला खोचली. आमच्यात बियाणं, सुकट, सगळं तिथंच ठेवतात, धुरानं कीड लागत नाय. आणि आमच्या लहान पोरीच्या हाताला लागली असती तर तिनं फुगे करून गावभर नाचवले असते. सगळा उन्हाळा ती पाकिटं तिथं शेकली. फाटल्यावर सिस्टरला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. अगं बाई, उष्णतेनं रबर कुजतं, ते काय वालाचं बी आहे?

मग म्हणाली, आता तपासून दिसायचं नाही, तीन महिन्यांनी ये. लावणी चालू होती, म्हणजे थेट कापणीला. काय सांगू तुमाला, चिखलात वाकून रोपं लावायची आणि मनात एकच, हा भात खायला मी असेन का, दोघंही गेलो तर पोरीला कोण बघेल. पावसात ताप सगळ्यांनाच येतो, मला आला की वाटायचं, आला तो. पोरीच्या ताटाला हात लावीना. जेवणातून होत नाय हे सिस्टरनं सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं, पण हात पुढं जात नव्हता. नवरा पडवीत झोपायला लागला. एकदा म्हणाला, तुला झाला तर मला शिव्या घाल. म्हटलं, शिव्या घालून पोरगी मोठी होते काय रे?

कापणीला गेले, रक्त साफ निघालं. तो रडला, मी नाय. त्याच्या दुखण्याची औषधं तेव्हा आमाला परवडणारी नव्हती. शिमग्याच्या आधी गेला. तेराव्याला माझ्या हातचा भात कोणी खाल्ला नाय. जाऊ म्हणाली, तुझं साफ असेल गो, पण आमी कशाला परीक्षा बघायची? सगळा भात गुरांना घातला. अजून लग्नाकार्यात मला चुलीपाशी कोणी बोलवत नाय, मीही जात नाय.

पोरगी वाशिंदला कंपनीत कामाला आहे. नवरा गेला, आमी दोघी आहोत.